मांजरीचं कोरडं खाद्य चांगलं की नुसतंच महाग? पाकीट कसं वाचायचं?

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं काठी हे गाव बाहेरच्या लोकांना माहीत असतं ते तिथल्या राजवाडी होळीमुळे. त्या रात्री सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसं इथे येतात, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. बाकी वर्षभर हे डोंगरातलं, शेतीवर जगणारं गाव असतं. अशा गावांत मांजर हौसेपेक्षा कामासाठी जास्त पाळली जाते. घरात मका, ज्वारी, भगर साठवलेली असते. धान्य आलं की उंदीर येतात, आणि उंदीर आले की मांजर लागते.

अशा मांजरीला घरातून मिळतं ते थोडंच. भाकरीचा तुकडा, कधी वाटीभर दूध किंवा ताक, सुक्या मासळीचं डोकं. तरीही ती तुकतुकीत असते, उड्या मारते, वर्षाला पिल्लं घालते. याच मांजरीचं पिल्लू कुणी नाशिकच्या किंवा पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेलं आणि तिथे त्याला तीच दूध-पोळी दिली, तर काही महिन्यांत त्याची तब्येत उतरायला लागते. दोन्हीकडे घरचं अन्न एकच आहे. फरक इतकाच की गावातली मांजर तुकड्यांवर जगत नसते, ती उंदरांवर जगत असते. फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. त्यांच्या जागी दुकानातलं पाकीट येतं, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो: हे पाकीट उंदराची जागा घेऊ शकतं का?

उंदरात असतं काय?

मोकाट मांजरी काय खातात याचा अभ्यास करून संशोधकांनी २०११ मध्ये एक हिशोब मांडला. त्यानुसार स्वतः शिकार करून जगणाऱ्या मांजरीला तिच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि फक्त २ टक्क्यांच्या आसपास कर्बोदकांतून मिळते. माणसाच्या ताटाशी याची तुलनाच होत नाही. आपलं निम्म्याहून अधिक जेवण भात, भाकरी आणि पोळीवर चालतं.

एका उंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे पोट भरायला मांजरीला दिवसाला सात-आठ उंदीर लागतात. ती दिवसातून अनेकदा थोडं थोडं खाते त्यामागे हेच कारण आहे. शिवाय उंदराच्या शरीरात जवळपास ७० टक्के पाणी असतं. त्यामुळे शिकारीवर जगणारी मांजर पाणी फार कमी पिते आणि तरी तिचं भागतं. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

मांजर ही पक्की मांसाहारी आहे, असं म्हणतात. म्हणजे तिला मांस आवडतं एवढंच नाही. काही पोषकद्रव्यं तिचं शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि ती फक्त प्राणिज अन्नातूनच मिळतात. गाजर-पालकातल्या बीटा-कॅरोटीनपासून आपण व्हिटॅमिन ए तयार करतो, मांजर ते करू शकत नाही. तिला ते तयार स्वरूपात, म्हणजे यकृतासारख्या अवयवांतून किंवा खाद्यात मिसळलेलं लागतं. त्यामुळे पाकिटावर गाजर आणि पालकाची चित्रं असतील, तर ती मालकासाठी असतात असं समजायला हरकत नाही. ॲरॅकिडॉनिक ॲसिड नावाचं स्निग्धाम्लही तिला प्राण्यांच्या चरबीतूनच घ्यावं लागतं. आर्जिनिन हे अमिनो आम्ल तर इतकं गरजेचं आहे की, ते अजिबात नसलेलं एकच जेवण दिलं तरी काही तासांत रक्तातला अमोनिया वाढून मांजर गंभीर आजारी पडते. प्रयोगांमध्ये हे १९७८ सालीच दिसलं होतं.

टॉरिनची गोष्ट

मांजरीच्या खाद्याबद्दल एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल, तर तो 'टॉरिन'. हे अमिनो आम्लासारखं द्रव्य मांसात, माशांत आणि विशेषतः हृदयासारख्या स्नायूंत असतं. धान्यात आणि डाळींत ते जवळपास नसतं.

१९७५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की दुधातल्या केसीन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरींच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, आणि त्याचं कारण टॉरिनची कमतरता आहे. खरा धक्का १९८७ मध्ये बसला. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध छापला. हृदय मोठं आणि दुबळं होण्याच्या आजाराने मरणाऱ्या मांजरींच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि टॉरिन दिल्यावर त्यांचं हृदय पुन्हा सुधारत होतं. यातल्या मांजरी काही शिळ्या अन्नावर जगणाऱ्या नव्हत्या. त्या बाजारातलं तयार, त्या वेळच्या निकषांत बसणारं खाद्य खात होत्या. निकषच अपुरे होते. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि हा आजार बराच कमी झाला.

आजच्या अमेरिकी निकषानुसार कोरड्या खाद्यात, ओलावा वगळून मोजलं तर, किमान ०.१ टक्का टॉरिन लागतं. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत 'टॉरिन' हा शब्द शोधायचा. यादीत तो शेवटाकडे असेल, कारण प्रमाण कमी असतं. पण तो असायला हवा.

कुत्र्याचं खाद्य मांजरीला का चालत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. कुत्रा टॉरिन स्वतः तयार करू शकतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घालणं बंधनकारक नसतं. ज्या घरात दोघं आहेत तिथे मांजरीने कुत्र्याच्या भांड्यात कधीतरी तोंड घातलं तर काही होत नाही. पण महिनोन्‌महिने तेच खाल्लं तर नुकसान हळूहळू होतं आणि ते वरून दिसत नाही. हृदय सुधारू शकतं. डोळ्यांचा गेलेला पडदा परत येत नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत मांस शिजत नाही. तिथे मांजर आली की पेच होतो. दूध-भात, दही-भात, पनीर, कधी अंडं यावर ती जगते आहे असं वाटतं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. पण मोठी अडचण टॉरिनची आणि प्राणिज पोषणाची असते. अशा घरांसाठी कोरडं खाद्य ही खरं तर चांगली सोय आहे. वास कमी, स्वयंपाकघरात मांस नाही, आणि मांजरीला लागतं ते बहुतेक सगळं मिळतं. अट एकच, पाकीट नीट निवडलेलं हवं.

पाकिटावरचे आकडे म्हणजे काय?

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. क्रूड प्रोटीन किमान इतके टक्के, क्रूड फॅट किमान इतके, क्रूड फायबर कमाल इतके, ओलावा कमाल इतका. काही कंपन्या राखेचं प्रमाणही देतात. राख म्हणजे काही जाळून घातलेलं नसतं. खाद्य पूर्ण जाळल्यावर उरणारी खनिजं, असा त्याचा अर्थ.

इथे 'क्रूड' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. पण नायट्रोजन कुठूनही आलेला असू शकतो. कोंबडीच्या मांसातून, पिसांतून किंवा मक्याच्या ग्लुटेनमधून. २००७ मध्ये याच पळवाटेतून मोठा अनर्थ झाला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे रसायन मिसळलेलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे चाचणीत प्रथिनं जास्त दिसत होती. ते ग्लुटेन वापरून बनवलेलं खाद्य खाऊन उत्तर अमेरिकेत असंख्य कुत्र्या-मांजरींची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मार्च २००७ पासून अनेक नामांकित ब्रँडचा माल बाजारातून परत घ्यावा लागला.

म्हणून तक्त्यातला प्रोटीनचा आकडा ही फक्त पहिली पायरी आहे. तो वाचताना दुसरी गफलत होते ती ओलाव्याची. समजा, कोरड्या खाद्यावर प्रोटीन ३२ टक्के लिहिलं आहे आणि ओल्या पाऊचवर ८ टक्के. वाटतं की पाऊच निकृष्ट आहे. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असतं. पाणी बाजूला केलं तर उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रोटीन, म्हणजे ४० टक्के. कोरड्यात १० टक्के ओलावा धरला तर ९० भागांत ३२, म्हणजे साधारण ३५.५ टक्के. पाऊच पुढे गेलं!

अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या निकषात, ओलावा वगळून, मोठ्या मांजरीसाठी किमान २६ टक्के आणि वाढत्या पिल्लांसाठी किमान ३० टक्के प्रोटीन सांगितलं आहे. फॅट दोघांसाठी किमान ९ टक्के. हे किमान आहे, आदर्श नाही. याच्या जेमतेम वर असलेलं पाकीट मांजरीला जगवेल, पण त्यातली बरीच जागा पिठाने भरलेली असेल.

ती जागा किती, हे पाकिटावर सहसा लिहिलेलं नसतं. कर्बोदकांचा आकडा कंपन्या क्वचितच देतात. तो घरी काढता येतो. प्रोटीन ३२, फॅट १०, फायबर ५, ओलावा १० आणि राख ८ (राख लिहिलेली नसेल तर ७ ते ८ धरायची) यांची बेरीज ६५. शंभरातून वजा केली की उरले ३५. ही कर्बोदकं. आकडे 'किमान' आणि 'कमाल' असल्यामुळे हा अंदाज आहे, पण दोन पाकिटांची तुलना करायला पुरेसा आहे.

आता त्यातून ऊर्जा काढू. पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी प्रोटीन आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि फॅटच्या ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी धरतात. वरच्या पाकिटात १०० ग्रॅमला साधारण ३२० किलोकॅलरी येतात. त्यातल्या ३५ टक्के प्रोटीनच्या, २७ टक्के फॅटच्या आणि ३८ टक्के कर्बोदकांच्या. उंदराचा हिशोब ५२, ४६ आणि २ होता. दुसरं एक पाकीट घ्या: प्रोटीन ४०, फॅट १६, फायबर ४, ओलावा १०, राख ८. कर्बोदकं २२, एकूण साधारण ३५३ किलोकॅलरी, आणि वाटणी ४०, ३८ आणि २२ अशी. उंदीर नाही, पण त्याच्या जरा जवळ.

या हिशोबाचा उपयोग पैशांसाठीही होतो. घरात राहणाऱ्या, चार किलो वजनाच्या मांजरीला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. पहिलं पाकीट ३०० रुपये किलो आणि दुसरं ५५० रुपये किलो आहे असं समजू. पहिलं रोज ६३ ग्रॅम लागेल, खर्च १९ रुपये. दुसरं ५७ ग्रॅम, खर्च ३१ रुपये. किलोमागे २५० रुपयांचा दिसणारा फरक रोजच्या भांड्यात १२ रुपयांचा होतो. तो परवडतो की नाही हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. पण तुलना किलोच्या किमतीवर न करता रोजच्या खर्चावर करावी.

घटकांच्या यादीतल्या चलाख्या

यादीत जो घटक वजनाने सर्वात जास्त तो पहिला, हा जगभरचा रिवाज आहे. म्हणून 'ताजं चिकन' पहिल्या क्रमांकावर दिसलं की बरं वाटतं. पण ताज्या चिकनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि वजन पाण्यासकट मोजलेलं असतं. कोरडं खाद्य तयार होताना ते पाणी उडून जातं. याउलट 'चिकन मील', म्हणजे शिजवून, चरबी आणि पाणी काढून केलेली भुकटी, ऐकायला गरीब वाटते पण वजनाच्या मानाने तिच्यात प्रथिनं कितीतरी जास्त असतात. त्यामुळे 'मील' हा शब्द पाहून नाक मुरडायचं कारण नाही. कोणत्या प्राण्याचं मील, हे स्पष्ट लिहिलेलं असलं म्हणजे झालं. 'चिकन मील' आणि 'फिश मील' ठीक. नुसतं 'मीट मील' किंवा 'प्राणिज प्रथिनं' असेल तर त्यात दर महिन्याला काय येतं हे कळायला मार्ग नाही.

दुसरी चलाखी धान्याची फोड करण्याची. मका, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, गव्हाचं पीठ असे चार घटक वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण चिकनच्या खाली जातो. एकत्र केले तर तेच पहिल्या क्रमांकावर येतील.

मग 'ग्रेन फ्री' घ्यावं का? धान्य नाही म्हणजे पीठ नाही, असं होत नाही. बटाटा, वाटाणा, टॅपिओका यांत स्टार्च असतोच. कोरडे दाणे ज्या यंत्रात बनतात त्या एक्स्ट्रूडरमध्ये उष्णता आणि दाबाखाली पीठ फुगावं लागतं, तरच दाणा धरून राहतो. आपल्याकडचे कुरकुरे जसे बनतात तसाच हा प्रकार. त्यामुळे कोरडं खाद्य आणि स्टार्च यांची सोबत सुटत नाही. शिजलेला स्टार्च मांजर पचवतेही. काळजी स्टार्च असण्याची नाही, त्याने मांसाची जागा किती खाल्ली याची आहे. याच उष्णतेत काही जीवनसत्त्वं नष्ट होतात, म्हणून ती वरून मिसळावी लागतात. यादीच्या शेवटी दिसणारी रसायनांसारखी लांबलचक नावं बहुतेक वेळा हीच जीवनसत्त्वं आणि खनिजं असतात. ती नसती तर जास्त घाबरायला हवं होतं.

रंगाबद्दल मात्र स्पष्ट बोलता येतं. लाल-हिरवे-पिवळे दाणे मांजरीच्या काहीही उपयोगाचे नाहीत.

पाकिटावरचं एक वाक्य

सगळे आकडे बाजूला ठेवून आधी एक गोष्ट बघा. 'कम्प्लीट' किंवा 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलं आहे का, आणि कुठल्या वयासाठी? 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नाही.

या वाक्यापुढे आफको किंवा युरोपातल्या फेडिआफचं नाव असेल तर बरं, पण या संस्था कुठलंही पाकीट तपासत नाहीत की मंजूर करत नाहीत. त्या फक्त निकष ठरवतात. त्यातही दोन प्रकार असतात. एक, कागदावर किंवा प्रयोगशाळेत घटक जुळवून निकष पूर्ण केले. दोन, खरोखर मांजरींना खाऊ घालून पाहिलं. आफकोच्या पद्धतीत मोठ्या मांजरींसाठी ही चाचणी किमान ८ मांजरींवर २६ आठवडे चालते. आठ मांजरी आणि सहा महिने हे काही फार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा जास्त आहे.

भारतात काय स्थिती आहे? अन्नसुरक्षा कायदा, २००६ मधल्या अन्नाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी देखरेख मांजरीच्या पाकिटावर नसते. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक आहे. वजन, किंमत, उत्पादनाचा महिना, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क देणं मात्र वैधमापन नियमांनुसार पाकीटबंद मालाला बंधनकारक आहे. त्या संपर्काचा उपयोग करावा. टॉरिन किती, १०० ग्रॅममध्ये किलोकॅलरी किती आणि खाद्याची रचना कुणी केली, हे तीन प्रश्न विचारले की कंपनीचं पाणी कळतं. उत्तर न देणारी कंपनीही एक प्रकारे उत्तरच देत असते.

पावसाळा आणि सुटं खाद्य

चांगलं पाकीट घरी आल्यावरही बिघडू शकतं. सातपुड्यात काय किंवा कोकणात काय, जून ते सप्टेंबर हवेत इतकी दमट असते की उघडं पाकीट मऊ पडतं. दाण्यांवर चरबीचा थर फवारलेला असतो, तो हवेने खवट होतो. शिवाय मका आणि इतर धान्यांवर वाढणाऱ्या बुरशीची विषं वासावरून कळत नाहीत. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो मांजरींच्या रक्तपेशी अचानक कमी होऊन त्यातल्या अनेक दगावल्या. तपासात त्या खात असलेल्या कोरड्या खाद्यात बुरशीची विषं सापडली.

म्हणून मोठ्या गोणीतून काढून साध्या पिशवीत बांधून मिळणारं सुटं खाद्य टाळलेलं बरं. ते स्वस्त पडतं, पण त्यावर ना तारीख असते ना घटक. दूरच्या गावात ऑनलाइन मागवायचं असेल, तर महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्यावं, मुदत किती उरली आहे ते आल्याबरोबर बघावं, आणि खाद्य मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. पाकीट टाकून दिलं की बॅच नंबरही जातो.

पाणी, आणि बोका असेल तर जास्तच

उंदरात ७० टक्के पाणी, कोरड्या दाण्यात १०. ही तफावत मांजर पाणी पिऊन पूर्ण भरून काढत नाही, तिची तहान मुळातच कमी असते. लघवी घट्ट होते आणि त्यात खडे किंवा स्फटिक तयार होण्याची शक्यता वाढते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो बंद पडू शकतो. बोका वारंवार बसतो, जोर करतो, ओरडतो आणि लघवी होत नाही, हे बद्धकोष्ठ समजून घरी थांबण्याचं लक्षण नाही. दोन दिवसांच्या आत, कधी त्याआधीच, जीव जाऊ शकतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं बहुतेक काम गाई-बैल-शेळ्यांचं असतं. मांजरीला नळी घालण्याची सोय कुठे आहे, हे आधी विचारून ठेवलेलं चांगलं.

उपाय साधे आहेत. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, खाद्यापासून लांब ठेवावीत. दिवसातलं एक जेवण ओलं द्यावं, किंवा दाण्यांवर कोमट पाणी घालून लगेच खाऊ घालावं. मीठ न घातलेलं उकडलेलं चिकन आणि त्याचं पाणीही चालतं. सुकट-बोंबील मांजरी आवडीने खातात, पण खारवलेल्या मासळीत मीठ फार असतं. रोज नुसते मासेच दिले तर जीवनसत्त्वांचा तोल वेगळ्याच प्रकारे बिघडतो.

नवं खाद्य निवडलं तरी ते एकदम बदलू नये. सात ते दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत जावं. नवं आवडलं नाही म्हणून मांजर रुसली, तर 'भूक लागली की खाईल' हा माणसांच्या पोरांना लावायचा नियम इथे लावू नका. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठून ती गंभीर आजारी पडू शकते. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर जुनं खाद्य परत द्यावं, आणि तेही नाकारलं तर डॉक्टर गाठावा.